घड्याळ नको, सेन्सर परवडू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘आता सुई न टोचता शुगर कळणार’ अशा बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. माझ्या मुलीला सहाव्या वर्षी टाइप-१ मधुमेह झाला, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, ते बाहेरून द्यावं लागतं. आज ती अकरा वर्षांची आहे. म्हणून हे पत्र.

गेल्या दिवाळीत एका नातेवाइकांनी तिला मोठ्या प्रेमाने शुगर दाखवणारं घड्याळ आणलं. भाऊबीजेच्या संध्याकाळी ती रांगोळीपाशी गप्प बसून राहिली. कपाळावर घाम, बोटं थरथरत होती. घड्याळ म्हणत होतं ११२. बोट टोचून पट्टीवर पाहिलं तर ५४, म्हणजे धोकादायक कमी! साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांत पोरगी बोलू लागली. त्या ११२ वर विसंबून मी जेवणाआधीचं, साखर आणखी खाली आणणारं इन्सुलिन दिलं असतं तर? अजूनही अंगावर काटा येतो. त्वचेला छेद न देता रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला होता. तो मला फार उशिरा कळला.

खरी प्रगती झाली आहे ती दंडावर चिकटवायच्या सेन्सरमध्ये. त्याचं मूळ १९६२ मधलं, लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स या अमेरिकी संशोधकांच्या एन्झाइम-इलेक्ट्रोडचं (एन्झाइम म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन). केसासारखी बारीक तार कातडीखाली राहते. तिच्यावरचं एन्झाइम साखरेशी प्रक्रिया करतं आणि त्यातून निघणाऱ्या इवल्याशा विजेवरून मोबाइलवर आकडा उमटतो. शेजारी बाणही असतो. बाण खाली वळला की शुगर ‘लो’ होण्याआधीच मी सावध होते. पूर्वी रात्री दोनचा गजर लावून, टॉर्चच्या उजेडात झोपलेल्या लेकीचं बोट टोचायचे. ती झोपेतच हात मागे ओढायची. आता गरज पडली तरच फोन उठवतो.

अर्थात हा सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागे असतो. त्रास आणि आकडा जुळत नसेल तर बोट टोचायचंच, हे आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं.

अडचण पैशांची आहे. आमचा सेन्सर चौदा दिवस चालतो आणि एकाला चार-पाच हजार रुपये पडतात. म्हणजे महिन्याला दोन, वर इन्सुलिन आणि पट्ट्या. आमच्या ओळखीचं एक कुटुंब फक्त वार्षिक परीक्षेच्या महिन्यात लेकाला सेन्सर लावतं. इंग्लंडमध्ये टाइप-१ च्या सर्व रुग्णांना असा सेन्सर देऊ करावा, अशी शिफारस ‘नाइस’ या तिथल्या उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या सरकारी संस्थेने २०२२ मध्ये केली. आपल्या राज्यानेही निदान टाइप-१ च्या मुलांना तरी सरकारी रुग्णालयांतून तो मोफत द्यावा. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, आणि बिनसुईच्या यंत्राची बातमी छापताना त्याला मान्यता आहे की नाही, तेही त्याच बातमीत छापावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक आई, सातारा