डोकं दुखलं तर सांग

मुलुंड, मुंबई

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तोंडाने सांगायला गेलो की तू "हो बाबा, माहितीये" म्हणतेस आणि विषय तिथेच संपतो, म्हणून लिहून ठेवतोय. विमानात वाच.

सोनमर्गहून निघून निचनई, विशनसर, किशनसर, गडसर, सातसर आणि गंगाबल करत नारानागला उतरायचं, हा काश्मीरमधल्या ट्रेकचा तुमचा बेत मी नकाशावर बोट फिरवून पाहिला. हंगाम बरोबर निवडलात. आपल्याला झोडपणारा मोसमी पाऊस पीर पंजालच्या डोंगररांगेपलीकडे फार थोडा पोचतो. त्यामुळे आपण पाण्यातून वाट काढत स्टेशन गाठत असतो, तेव्हा तिथे चालायचे दिवस असतात. तरी एखादी सर येतेच. पाँचो सॅकमध्ये सगळ्यात वर ठेव, तळाशी नको.

तुझ्या पायांची मला काळजी नाही. शेवटची कसारा लोकल पकडायची, रात्रीच पायथा गाठायचा आणि उजाडायच्या आत माथ्यावर, हे तू माझ्याबरोबरच शिकलीस. पण नेमकी हीच घाई तिथे नडते. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक, १,६४६ मीटर. तुझं विमान श्रीनगरला ज्या धावपट्टीवर टेकेल, तीच जवळजवळ तेवढ्या उंचीवर आहे. आपला सह्याद्री जिथे संपतो तिथून तुमची सुरुवात. निचनईची खिंड चार हजार मीटरच्या वर आणि गडसरची सुमारे ४,२००. तिथे हवेचा दाब मुंबईच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि दर श्वासाला मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याच्या चालीने, आपल्या नाही. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये म्हणतात. तुमचा मात्र सोनमर्ग सोडल्यावर पहिलाच मुक्काम सातएकशे मीटर वर आहे. श्रीनगरला एक रात्र जास्त राहा म्हणून मी मागे लागलो ते यासाठी. एका रात्रीने जादू होत नाही, पण निदान प्रवासाचा शीण तरी तिथेच जाईल.

आता मुद्द्याचं. तू भिडस्त आहेस. रिक्षावाल्याकडे उरलेले सुटे मागत नाहीस. कुणाकडे जेवायला गेलो की नको असलेली पोळी मुकाट्याने संपवतेस. रतनगडला बूट चावत होता तरी "माझ्यामुळे सगळे थांबतील" म्हणून अवाक्षर काढलं नाहीस आणि टाच सोलून घरी आलीस. टाच भरून आली. पण उंचीवर हा स्वभाव जिवावर बेतू शकतो.

डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं, चक्कर, न पटणारा थकवा, यातलं काहीही वाटलं तर लीडरला सांगायचं. त्याच वेळी. रात्री तंबूत शिरल्यावर शेजारच्या मैत्रिणीच्या कानात नव्हे. संध्याकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावतात, तेव्हा आकडा बरा यावा म्हणून आधी दहा दीर्घ श्वास घेणारे महाभाग असतात. तू त्यांच्यात बसू नकोस. पॅरासिटामॉल जरूर घे, पण सांगून घे, नाहीतर गोळीने दुखणं झाकलं जातं आणि सगळ्यांना वाटतं, ही ठणठणीत आहे. उंचीच्या त्रासासाठी डॉक्टरांनी दिलेल्या डायमॉक्सने लघवीला जास्त होते, बोटांना मुंग्या येतात, त्याला घाबरू नकोस. ती गोळी घेतली म्हणजे बोलायची गरज संपली असंही नाही. तरुण आणि काटक माणसालाही हा त्रास होतो. उलट तीच मंडळी जोरात चढून आधी सापडतात.

हे लवकर सांगण्याला या वाटेवर आणखी एक कारण आहे, आणि ते मला नकाशा पाहतानाच कळलं. निचनईच्या अलीकडे असताना बिघडलं, तर सरळ सोनमर्गला उतरता येतं. खिंड ओलांडून विशनसरला गेलीस की तुमच्या वाटेवर मागे निचनई आणि पुढे गडसर. सोनमर्गला परतायचं तरी आधी पुन्हा चढायचं. त्यामुळे निचनईच्या मुक्कामी रात्री बरं वाटत नसेल, तर तिथेच तोंड उघड. लीडर म्हणाला थांब, तर थांबायचं. म्हणाला उतर, तर उतरायचं. भरलेले पैसे बुडाले तर बुडू देत, त्याचा हिशोब तिथे बसून करू नकोस. आणि तुझ्याबरोबरचं कुणी बसल्या जागी धापा टाकू लागलं, किंवा सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालता येईना, तर त्याच्या वतीने तू बोल. दुसऱ्यासाठी तरी तुला भीड वाटत नाही.

एवढं सांभाळलंस की बाकी मजाच आहे. गडसरच्या चढावर मध्येच थांबून मागे वळ, विशनसर आणि किशनसर एका नजरेत दिसतात. त्यांचं पाणी किशनगंगेला जातं. सरोवरात मात्र उतरू नकोस. माळशेजच्या धबधब्याखाली उभं राहणं वेगळं आणि बर्फ वितळून साठलेल्या पाण्यात उडी घेणं वेगळं. तिथे थंडीच्या धक्क्यानेच श्वास अडकतो. कुरणांवर बकरवाल आपले कळप घेऊन आलेले असतात, त्यांची कुत्री तिखट असतात. एकटीने कळपाजवळ जाऊ नकोस, लांबूनच धनगराला हाक मार. गंगाबल काश्मिरी पंडितांचं तीर्थ आहे, तिथे अस्थी विसर्जित करतात. ज्याच्या पायथ्याशी ते आहे तो हरमुख ५,१४२ मीटरचा. तिथे रील काढण्याआधी आजूबाजूला कोण काय करतंय ते बघ.

शेवटच्या दिवशी नारानागचा उतार गुडघे मोडतो. काठ्या वापर, "मला नाही लागत" म्हणू नकोस. खाली आठव्या शतकातली, काश्मीरच्या ललितादित्य राजाच्या काळची मानली जाणारी देवळं आहेत. सगळे गाडीकडे पळतील, तू अर्धा तास काढ.

घोडेवाले आणि स्वयंपाकी यांना निघताना हातात काहीतरी दे, सुटे पैसे पाकिटात वेगळे ठेवलेत. त्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही. तरी ते गरम वरण-भात पुढे आणून ठेवतात, हे लक्षात असू दे.

बाहेरची प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाहीत म्हणून तुझं पोस्टपेड करून घेतलं, पण सोनमर्ग सोडल्यावर त्याचाही उपयोग नाही. आईला मी हे समजावलंय. पटलेलं नाही. नारानागला उतरून रेंज आली की पहिला फोन तिला कर, मला नंतर.

तुझा,
बाबा

ता. क. मूळ आधार कार्ड आणि दोन झेरॉक्स सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवल्यात. वाटेत लष्कराच्या चौक्यांवर तपासतात. पावसात भिजू नयेत म्हणून दुधाच्या पिशवीत घातल्यात, कचरा समजून फेकू नकोस.