स्पितीला निघालेल्या रेवतीस

नौपाडा, ठाणे

चि. रेवती,
अनेक आशीर्वाद.

देव्हाऱ्यातला शाळिग्राम म्हणजे जुन्या जिवाचा जीवाश्म, यावरून तू बाबांशी भांडून गेलीस, तेव्हापासून घरात शाळिग्रामाचाच विषय आहे. बाबा अजून धुमसताहेत, पण त्यातलं निम्मं तुझ्या आजोबांच्या, नानांच्या आठवणीने आहे. मनावर घेऊ नकोस. बाईमाणसाने त्याला हात लावायचा नाही, हे मला या घरात आल्या आल्याच सांगितलं होतं. काल बाबा बाहेर गेल्यावर आंघोळ केली आणि तो उचलला. केवढा जड आहे गं!

तू म्हणालीस तसा खिडकीशी उन्हात धरून भिंगातून पाहिला. चक्राच्या धारा बाहेरच्या कडेकडे येताना काही ठिकाणी एकीच्या दोन होतात. कोरलेला असता तर सगळ्या एकसारख्या असत्या. जिथे कवच उडालंय तिथे कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी कातरलेली बारीक रेघ आहे. आजही समुद्रात असलेल्या त्या शंखवाल्या नॉटिलसची रेघ साधी, वळणदार असते ना? म्हणजे हा त्याचा नामशेष झालेला नातेवाईक, अमोनाइटच. नाना ज्याला सोन्याचा कण म्हणायचे, तो पिवळा ठिपकाही सापडला, तुझा पायराइट, लोखंड आणि गंधकाचं ते खनिज. दमट हवेत तो कुजतो आणि दगडाचा भुगा होतो, हे तू भांडणाच्या भरात सांगितलंस, ते बाबांपर्यंत पोचलंच नाही. मी रात्री शांतपणे सांगितलं. आज अभिषेक झाल्यावर त्यांनी तो कोरड्या पंच्याने पुसला आणि देव्हाऱ्यात न ठेवता आधी पंख्याखाली ठेवला. बोलले मात्र काही नाहीत.

रेवती, तुम्ही जाणार ते स्पितीतलं लांग्झा गाव 4,400 मीटरवर आहे. आपण खाडीकाठची माणसं. शिमल्याकडून किन्नौरमार्गे हळूहळू चढणार आहात, हे बरं केलंत. तरी काझाला पोचल्यावर लगेच दगड शोधायला धावू नकोस. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर सरांना सांग. सगळे पुढे चाललेत म्हणून लपवू नकोस. बरं वाटलं नाही तर खाली उतरायचं, त्यात कमीपणा कसला? हे लिहायचं नाही असं ठरवूनच बसले होते. एमएस्सीच्या मुलीला आईने काय शिकवायचं! रागावू नकोस.

पण तू लहान असताना आडवं पडलीस की तुला श्वास घेता यायचा नाही. मग नाना तुला मांडीवर उभी धरून बसायचे आणि नेपाळातल्या गंडकी नदीची गोष्ट सांगायचे, काळ्या दगडातून चक्र कसं निघतं ती. तुझा श्वास सुरळीत होईपर्यंत त्यांची गोष्ट संपायची नाही. मुक्तिनाथला त्यांना स्वतःला दम लागला आणि जोमसोमला खाली आणावं लागलं, हे मात्र त्यांनी तुला कधी सांगितलं नाही. तुझा दमा त्यांच्याकडूनच आलाय.

त्या गोष्टीतली मुलगी आता तशाच काळ्या शेलचे, म्हणजे चिखलाच्या दगडाचे थर बघायला निघाली आहे. आपल्या ठाण्याच्या येऊर डोंगराचा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आणि नानांच्या शाळिग्रामातला जीव त्याच्याही दुपटीहून जुना, हिमालय वर येण्याआधीच्या टेथिस समुद्रातला, हे मी वसुमावशीला फोनवर सांगितलं. शेजारच्या काकूंनाही सांगितलं. सांगताना ऊर भरून आला. काकू म्हणाल्या, इतक्या उंचावर एकटी पाठवलीत? तेव्हापासून पुन्हा तेच डोक्यात.

बाबांना एक फोन कर. शाळिग्रामाचं काढू नकोस, ते आपणहून काढतील. तिथे थरात अमोनाइट दिसला की फोटो पाठव, मी भिंग घेऊन तयार आहे.

तुझी आई

ता. क. दम्याचा पंप सॅकमध्ये ठेवू नकोस, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेव. गारठला की नीट फवारत नाही. दुसरा पंप मोज्यांच्या पिशवीत घातला आहे.