एचिंग प्रेसवाल्या काकांना, मनापासून

काका, समोर आभार मानायला गेले की तुम्ही "असू दे गं, चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तुमची सून वाचून दाखवेलच.

आईवरच्या एचिंग्जची, म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेषा कोरून प्रेसवर काढलेल्या छापचित्रांची, सीरिज पूर्ण झाली. प्रिंट्स ब्लॉटरखाली वाळतायत आणि मला अजून मधूनच रडू येतंय. ती वही तुम्हाला माहितीये, रावपुऱ्यातल्या जुन्या घरात मी बॉलपेनने काढलेली, आई शिलाई मशीनवर, आई तांदूळ निवडताना, बाबांना दम्याचा अटॅक यायचा त्या रात्री खाटेला टेकून डुलकी घेणारी, आणि शेवटची दवाखान्यातली स्केचेस तर औषधांच्या बिलांच्या पाठीमागे काढून आत चिकटवलेली. आई गेल्यावर कितीतरी वर्षं ती वही उघडायची हिंमतच झाली नव्हती.

तुमच्याकडे यायच्या आधी बरेच उंबरे झिजवले. एका गॅलरीत म्हणाले, फार घरगुती आहे, यात विषय काय? एका स्टुडिओत तर बोलता बोलता चहाचा कप सरळ वहीवर ठेवला, आईच्या पदरावर तो गोल डाग अजून आहे. आणि हे बडोद्यात झालं याचा जास्त राग येतो हो! 1950 मध्ये इथे युनिव्हर्सिटीचं फाइन आर्ट्स कॉलेज सुरू झालं, चित्रकार बेंद्रे सरांनी पेंटिंग शिकवलं, त्यांच्या हाताखाली शिकलेले ज्योती भट्ट पुढे न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमधून प्रिंटमेकिंग, म्हणजे छापचित्रं करायची कला, शिकून आले आणि इथेच शिकवत राहिले. अशा गावात एखाद्या बाईने स्वतःच्या घरातलं आयुष्य प्लेटवर आणायचं म्हटलं तर निदान वही तरी नीट बघावी ना.

तुम्ही बघितलीत. मी वही पुढे केली तेव्हा तुमचे हात शाईने काळे होते. "थांब बेटा," म्हणालात, मोरीवर जाऊन साबणाने हात धुतलेत, नखांतली शाई ब्रशने काढलीत, पंचाला पुसलेत, आणि मग एकेक पान कोपऱ्याला धरून उलटलंत. एक शब्द बोलला नाहीत. काका, माझ्यासाठी सगळं तिथेच झालं. बाकी प्रेस, झिंक प्लेट्स, ॲसिड, तुमचा एवढा वेळ, हे सगळं त्यानंतरचं.

पुढे पण तसंच. प्रिंट उलटा येतो म्हणून तुम्ही माझ्याआधी ट्रेसिंग उलटं धरून बघितलंत, "आईची चमकी डावीकडेच राहिली पाहिजे" म्हणालात. चेहऱ्याच्या रेषा ॲसिडने थोड्याच खाल्ल्यावर प्लेट बाहेर काढून, ॲसिड पुढे लागू नये म्हणून तेवढ्या वॉर्निशने झाकायला लावल्यात आणि मशीनचं चाक परत ॲसिडमध्ये सोडलंत, म्हणून ते चाक इतकं काळंभोर आलंय आणि आईचा चेहरा तसाच हलका राहिलाय, जसा पेनने काढला होता तसा. एवढं तर नातेवाइकांनी पण तिच्याकडे बघितलं नव्हतं.

मोठमोठी नावं असलेली माणसं खूप भेटली, त्यांच्याकडे वेळ नसतो. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी आपला हात स्वच्छ आहे का ते बघणारी माणसं फार कमी, आणि ती बहुतेक कुठल्या उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाहीत.

मशीनवाल्या प्रिंटचा एक आर्टिस्ट प्रूफ, म्हणजे विक्रीच्या प्रतींपेक्षा वेगळी, कलाकाराने स्वतःकडे ठेवायची प्रत, तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय, पेन्सिलने तुमचं नाव घातलंय. नाही म्हणू नका. फ्रेम मी करून आणते, भिंत कुठली ते काकूंना ठरवू द्या.