व्हेरी वेल

लंडन, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

8 महिने पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी. सर्दी आहे, ती इथे सगळ्यांनाच असते.

काल आमच्या नाटकाच्या वर्गाचे प्रवेश सादर झाले. माझ्या वाट्याला शेरिडनच्या 'द स्कूल फॉर स्कँडल'मधला सर पीटर. उतारवयात लग्न, बायको तरणी. (नाक मुरडू नकोस, म्हातारे फक्त तूच करायचे असं ठरलं नव्हतं.) तो चिडून म्हणतो, 'व्हेरी वेल, मॅम, व्हेरी वेल', म्हणजे नवऱ्याला काही अधिकारच नाही? ती म्हणते, अधिकार हवा होता तर लग्न कशाला केलंत, दत्तक घ्यायचं होतंत, वय तर होतंच तुमचं! हशा इथला. आला मात्र माझ्या 'व्हेरी वेल'वर. दणदणीत.

तेव्हापासून झोप नाही. लोक सर पीटरला हसले की माझ्या उच्चाराला? खालचा ओठ दातांखाली घेतला की व्ही, ओठांचा चंबू केला की डब्ल्यू. आरशासमोर घोटून घोटून ओठ दुखले रे. पण विग सरकला, कपाळाला खाज सुटली आणि तेवढ्यात आपला मराठी 'व' निसटला, दोन्हीकडे एकच. त्यात हा शेरिडन मूळचा डब्लिनचा, बाप उच्चारांवर व्याख्यानं देत फिरायचा. 1780 साली त्या बापानं उच्चारांसकट शब्दकोशच काढला! देवलांनी 'संशयकल्लोळ' ज्याच्यावरून घेतलं तो मर्फीसुद्धा आयरिश. सगळे बाहेरचेच, आणि अडकलो मी.

विंगेत आल्यावर आमची लेडी टीझल (सर पीटरची बायको झालेली) म्हणाली, "हशा मिळाला ना? मग झालं."

बंड्या, हे वाक्य माझं आहे. 'संशयकल्लोळ'मध्ये तुझ्या फाल्गुनरावानं 'आनि' म्हटलं तेव्हा विंगेत पहिला मी फिसकन हसलो होतो, आणि वर तुला हेच ऐकवलं होतं. तू चहाचे पैसे न देता निघून गेलास. मी वर्षभर त्या पैशांवरूनच भांडलो.

लग्न ठरलं म्हणे, अभिनंदन. मुलगी कुठली? काकूंचा गुडघा कसा आहे?

मंगळवारी पुन्हा प्रयोग आहे. सर म्हणतात, तसंच म्हण, चाललं ते. दुसऱ्या प्रयोगाला तू 'आणि' ठणठणीत म्हणाला होतास, आणि कुणी हसलं नव्हतं. तेव्हा तुला कसं वाटलं होतं रे? मंगळवारच्या आत कळव.

तुझा,
पक्या