‘ज्यूंचा हल्ला’ असं छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या बाईंनी आडनाव विचारलं. शेवटी ‘कर’ ऐकून त्या खुलल्या, धर्म ऐकून जरा थबकल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या देशात काय चाललंय हो हे?” मी म्हटलं, “लोकल वीस मिनिटं उशिरा धावतायत.” त्यांना गाझाबद्दल विचारायचं होतं, ते मला कळलं होतं.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं, अशी आमच्यातली कथा. गावोगाव तेलाचे घाणे चालवले, शनिवारी बंद ठेवले, म्हणून ‘शनवार तेली’. शेजाऱ्याने दगड मारल्याची एकही गोष्ट आमच्या घरात सांगितली जात नाही. ज्यूद्वेष आमच्यापर्यंत पोचला तो 2008 साली, 26/11च्या हल्ल्यात, कुलाब्याच्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात, आणि तोही बाहेरून आलेला. तेव्हापासून ठाण्याच्या आमच्या 1879 सालच्या सिनेगॉगबाहेर (प्रार्थनास्थळाबाहेर) पोलीस दिसतात. रोश हशानाला, आमच्या नववर्षाला, चिकाचा हलवा केला की त्यांचाही डबा भरते.

धाकटी बहीण इस्रायलमध्ये अश्दोदला असते. तिच्या लग्नाच्या आधीच्या काळात, 1964पर्यंत, तिथल्या रब्बींना (धर्मगुरूंना) आमच्या लोकांच्या लग्नांसाठी वंशावळीची चौकशी हवी असायची. आमच्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणं धरली, तेव्हा कुठे ते मिटलं. म्हणजे तिथे विचारायचे ‘खरे ज्यू का?’ आणि इथे विचारतात ‘तुमचा देश कोणता?’ तरी तिला ते गाव सोडवत नाही आणि मला ठाणं. सायरन वाजला की ती आसऱ्याच्या खोलीत बसून मला मराठीत फोन करते, मलिद्याला (आमच्या नवसाच्या प्रसादाला) पोहे जाडे घ्यायचे की पातळ ते विचारायला. (पातळ. दरवेळी विसरते.)

भाचा इंग्लंडमध्ये आहे. 2025च्या योम किप्पुरला, आमच्या उपासाच्या सर्वांत पवित्र दिवशी, मँचेस्टरच्या सिनेगॉगवर हल्ला झाला, त्यानंतर त्याने गळ्यातली दावीदची चांदणी, म्हणजे ज्यूंची सहा टोकांची खूण, सदऱ्याच्या आत टाकली. डिसेंबरात सिडनीच्या बोंडाय किनाऱ्यावर हनुक्काला, आमच्या दिव्यांच्या सणाला, जमलेल्यांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा त्याने ती काढूनच ठेवली. मी रागावले. मग वाटलं, ठाण्यात दारावर मेझुझा (धर्मवचनाची डबी) लावून निवांत झोपणारीने त्याला कसलं धैर्य शिकवायचं?

नेतान्याहूंच्या सरकारवर तुम्ही जरूर टीका करा. गाझातली पोरं बघून माझ्याही घशाखाली घास उतरत नाही, आणि त्यावरून बहिणीशी माझं कडाक्याचं भांडण झालं आहे. पण गेल्या आठवड्यात आपल्या अंकात मथळा होता, ‘ज्यूंचा पुन्हा हल्ला’. हल्ला इस्रायली लष्कराने केला होता. ‘ज्यू’ म्हटलं की त्यात तो भाचा येतो, मी येते, बोंडायला मेणबत्त्या लावायला आलेले आजी-आजोबाही येतात. चूक एका शब्दाची आहे, ती पुढच्या अंकात दुरुस्त करता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ठाणे