बिल्डिंगचा बारचार्ट काढतो, मग डिग्रीचा का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अ‍ॅडमिशनचा सीझन आला की तुमच्या पेपरात कॅप राउंड, कटऑफ, कुठल्या ब्रँचला किती सीट्स असं रकानेच्या रकाने भरून येतं, आणि ते यायलाच पाहिजे, आम्ही पण वाचतो. पण एकदा अ‍ॅडमिशन झाली की पुढची चार वर्षं त्या पोराने नेमकं काय शिकायचं, कुठला विषय कशाच्या आधी आणि इलेक्टिव्ह म्हणजे निवडीचा विषय म्हणून काय उचलायचं, यावर कोणी एक ओळ लिहीत नाही. म्हणून हे पत्र. मी सिव्हिलवाला, पाणीपुरवठ्याच्या कामात बावीस वर्षं गेली, कराडला असतो. लांबलं तर खुशाल कात्री लावा.

निमित्त झालं भाचीचं. सिव्हिलच्या सेकंड इयरला गेलीय. परवा रात्री साडेनऊला फोन, "मामा, मायनर कुठला घेऊ? ग्रुपवर लिंक आलीये, बाराच्या आत भरायचीये." मायनर म्हणजे आपल्या ब्रँचसोबत घ्यायचा दुसऱ्या क्षेत्रातला जोडविषय. मी म्हटलं अगं बाराच्या आत म्हणजे आज रात्री? तर हो. चौदा क्रेडिटचा निर्णय, तो अडीच तासांत, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फॉर्मवर! मैत्रिणी काय घेतायत विचारलं तर म्हणे सगळ्या एआय घेतायत, सिनियर म्हणाले स्कोअरिंग आहे आणि सर पण कडक नाहीयेत. मी विचारलं तुला स्वतःला कशात जायचंय, तर ती गप्प. मग म्हणाली, "पाण्यात." माझ्यामुळे म्हणाली का खरंच, देव जाणे, पण मला बरं वाटलं.

आता ज्यांच्या घरात इंजिनिअरिंगचं कोणी नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे चार वर्षांची डिग्री साधारण १६० ते १७६ क्रेडिटची झालीय. आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलला दोन तासांचा एक. यात मल्टिडिसिप्लिनरी मायनरला १४, ओपन इलेक्टिव्हला ८, इंटर्नशिपला १२, शिवाय स्वतःच्या ब्रँचची इलेक्टिव्हज वेगळी. म्हणजे पोराच्या हातात पहिल्यांदाच बऱ्यापैकी चॉइस आलाय. आमच्या वेळी चॉइस नव्हताच, जे पुढ्यात येईल ते खायचं. पण चॉइस दिला आणि नकाशा दिला नाही, तर पोरं जिकडे गर्दी तिकडे जाणार, दुसरं काय होणार.

मला गंमत याची वाटते की सिव्हिलच्या पोरांना प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये नेटवर्क काढायला शिकवतात. कुठलं काम कुठल्या कामाच्या आधी, कशाला किती फ्लोट म्हणजे सवड, क्रिटिकल पाथ कुठला, म्हणजे कुठली साखळी अडकली की सगळंच काम लांबतं, यावर हमखास मोठ्या मार्कांचं गणित असतं आणि ते सगळ्यांना येतं. साधी ग्राउंड प्लस टूची बिल्डिंग असली तरी तिचा बारचार्ट काढतात, म्हणजे कुठलं काम कधी सुरू आणि कधी संपणार याचा तक्ता. आणि त्याच पोराच्या स्वतःच्या चार वर्षांचा बारचार्ट मात्र कोणी कधी काढत नाही! सिलॅबसची पीडीएफ असते शंभर-दोनशे पानांची, त्यात प्रत्येक विषयाच्या वर प्री-रिक्विझिट म्हणून, म्हणजे आधी काय यायला हवं, अशी एक ओळ असते, ती ना पोरं वाचतात ना कधीकधी मास्तर.

त्या रात्री मी भाचीला फोनवरच वहीत काढायला लावलं. एक साखळी ताकदीची. फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स, त्यावर एसओएम (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स), त्यावर स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस, मग आरसीसी आणि स्टील. ही साखळी सगळ्यांना तोंडपाठ असते कारण सिव्हिल म्हणजे बिल्डिंग असंच डोक्यात असतं. दुसरी मातीची, जिऑलॉजी, मग जिओटेक, मग फाउंडेशन. तिसरी पाण्याची. फ्लुइड मेकॅनिक्स, ओपन चॅनेल, हायड्रॉलॉजी, मग वॉटर सप्लाय, मग वेस्ट वॉटर. या तिसरीला दोन पोटनद्या येऊन मिळतात आणि तिथेच सगळा घोळ आहे, एक केमिस्ट्री आणि दुसरी स्टॅटिस्टिक्स. केमिस्ट्री फर्स्ट इयरला एकदा होते, पास झालं की वही रद्दीत. स्टॅटिस्टिक्स एम थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या, एका युनिटमध्ये कोंबलेलं असतं आणि ते युनिट ऑप्शनला टाकायचं असतं हे सिनियर आधीच सांगून ठेवतात. मग हायड्रॉलॉजीत पन्नास वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे काय हे विचारलं की पोरगं सांगतं, पन्नास वर्षांनी येतो. अहो दर वर्षी यायची शक्यता दोन टक्के, असा त्याचा अर्थ. कृष्णाकाठाने २०१९ ला पूर पाहिला आणि लगेच २०२१ ला परत पाहिला, आम्हाला कोणी हे फळ्यावर शिकवायची गरज राहिली नाही.

केमिस्ट्रीचं मी स्वतःच्या अंगावर आलेलं सांगतो. मी डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला. म्हणजे डिग्रीची फर्स्ट इयरची केमिस्ट्री मी केलीच नाही आणि डिप्लोमातली जी होती ती कशी केली ते न विचारलेलं बरं. एन्व्हायर्न्मेंटच्या लॅबमध्ये वीस जणांची बॅच, एक जण ब्युरेट धरणार, एक जण रीडिंग लिहिणार, बाकी अठरा जण सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवणार. मी अठरातला. ओरलला बीओडीचा (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायचं माप) फुलफॉर्म सांगितला, पास झालो.

नोकरीचा पहिला पावसाळा एका छोट्या गावाच्या फिल्टर प्लांटवर. जुलैचा दुसरा आठवडा, नदीचं पाणी चहासारखं, आणि क्लॅरिफायरवरून (गाळ खाली बसवायची टाकी) पाणी तसंच गढूळ बाहेर पडतंय. मी काय केलं, तुरटीचा डोस वाढवला. तरी गढूळ. अजून वाढवला. अजूनच बिघडलं. प्लांटवर एक ऑपरेटर काका होते, आठवी शिकलेले, ते अर्धा तास माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "साहेब, चुना टाका की थोडा." चुना टाकला, तासा-दोन तासांत फ्लॉक म्हणजे गाळाचे पुंजके धरायला लागले. मला कारण कळलं नाही, लाजेखातर विचारलं पण नाही, रूमवर जाऊन जुनं पुस्तक उघडलं. तुरटी पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, खाते, एक मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी. पुराच्या पाण्यात ती मुळातच कमी झालेली असते. ती संपली की पीएच खाली जातो आणि मग तुरटी कितीही ओता, फ्लॉक बनत नाही. एवढीशी गोष्ट. योग्य डोस ठरवायच्या जार टेस्टला सहा बीकर लागतात, प्रत्येकात एक लिटर पाणी, वेगवेगळा डोस, आधी जोरात ढवळायचं मग हळू, अर्धा तास ठेवून द्यायचं आणि डोळ्यांनी बघायचं. ही टेस्ट माझ्या जर्नलमध्ये सुंदर अक्षरात लिहिलेली होती, सहीसकट. मी ती एकदाही केलेली नव्हती!

तेव्हापासून मी म्हणतो की ज्याला पाण्यात जायचंय त्याने मायनर किंवा ओपन इलेक्टिव्ह घेताना केमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी, डेटा-स्टॅटिस्टिक्स असलं काही मिळतंय का ते आधी बघावं. एआयला माझा विरोध नाहीये, हे भाचीला पण सांगितलं, गळती शोधायला, मीटरचा डेटा बघायला त्याचा उपयोग होणारच आहे. पण पाण्यात क्लोरीन कुठे नाहीसा होतो हे माहीत नसताना त्याचं मॉडेल बनवून काय करणार? पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे (नसांचा आजार) पेशंट निघाले तेव्हा एकदम सगळ्यांना रेसिड्युअल क्लोरीन, म्हणजे पाण्यात शिल्लक राहणारा क्लोरीन, आठवला. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे तो नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम राहायला हवा आणि १०० मिलि सॅम्पलमध्ये ई-कोलाय दिसताच कामा नये. या दोन ओळी परीक्षेत दोन मार्कांना येतात, म्हणून पोरं सोडून देतात.

अजून एक गैरसमज. अभ्यासक्रमात पर्यावरण नावाचा एक सक्तीचा छोटा विषय सगळ्याच ब्रँचला असतो, झाडं, ओझोन, ग्लोबल वॉर्मिंग वगैरे. तो झाला की पोरांना वाटतं एन्व्हायर्न्मेंट झालं. तो विषय वेगळा आणि एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंग वेगळं. दुसऱ्यात पंपाचं हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं ते, काढावं लागतं, गाळाचं काय करायचं ते ठरवावं लागतं, माणशी रोज १३५ लिटर धरून पाइपचा डाया काढावा लागतो. नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था १९५८ साली सुरू झाली तेव्हा तिच्या नावातच पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंग होतं, पर्यावरण हा शब्द नंतर १९७४ ला आला. मला ते जुनं नाव जास्त आवडतं. लोकांचं आरोग्य, सरळ मुद्द्याला हात.

आणि हे सिव्हिलपासून वेगळं काढता येत नाही. पाण्याची उंच टाकी घ्या. पोरगं ती आरसीसीचा प्रॉब्लेम म्हणून सोडवतं, टाक्यांच्या डिझाइनचं मानक आयएस ३३७० काढतं, क्रॅक किती चालेल ते बघतं, झालं. पण टाकी किती लिटरची हे कुठून आलं? गाव किती वाढणार, पाणी किती तास येणार, लाइट कधी जाते, यातून आलं. ते काढायला तिसरी साखळी लागते. दोन्ही साखळ्या त्या टाकीत एकत्र येतात आणि म्हणूनच मी भाचीला सांगितलं की स्ट्रक्चर सोडू नकोस, आमच्याकडे कोयना तासाभरावर आहे, ११ डिसेंबर १९६७ ची भूकंपाची पहाट इथली म्हातारी माणसं अजून सांगतात, तेव्हा अर्थक्वेकचं इलेक्टिव्ह मिळालं तर तेही घे, फक्त ज्या सेमिस्टरला स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस चालूय त्याच सेमिस्टरला घेऊ नकोस, आधी ते पचू दे.

कॉलेजवाल्यांची अडचण मला कळते. इलेक्टिव्हला ठरावीक संख्या झाली नाही तर वर्ग चालवता येत नाही, शिकवायला माणूस नसतो. माझ्या स्वतःच्या फायनल इयरला इंडस्ट्रियल वेस्ट ट्रीटमेंट घेणारे आम्ही सातच निघालो, विषय रद्द, सगळ्यांना उचलून दुसऱ्या वर्गात बसवलं. आता क्रेडिट इकडून तिकडे नेता येतात, ऑनलाइन स्वयम या सरकारी पोर्टलवर विषय करता येतात, एका शहरातली दोन कॉलेजं मिळून एक वर्ग चालवू शकतात. निदान सात जणांना विचारा तरी. आणि एटीकेटीच्या जोरावर फ्लुइड राहिलेला असताना पोरगं वेस्ट वॉटरला बसतं, त्याला नियमाने अडवा असं मी म्हणत नाही, पोरांची वर्षं जातात, पण कोणी तरी त्याला समोर बसवून सांगा की बाबा तुझा क्रिटिकल पाथ इथे अडकलाय.

आमच्याकडच्या कामांचं एक सांगतो, तेवढंच राहिलंय. पुस्तकात बीओडीची टेस्ट २० डिग्रीला पाच दिवस. लॅबला गेलात तर आपल्याकडे २७ डिग्रीला तीन दिवस चालतं, कारण आपली हवा गरम. इंटर्नशिपला आलेल्या दर पोराला मी हे विचारतो आणि दर पोरगं पाच दिवस सांगतं. म्हणून त्या १२ क्रेडिटच्या इंटर्नशिपसाठी ओळखीच्या बिल्डरकडून सर्टिफिकेट आणण्यापेक्षा जवळच्या फिल्टर प्लांटवर नाहीतर एसटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) जा, पावसाळ्यात मिळालं तर फारच छान, वास येतो, सवय होते.

तुम्हाला विनंती एवढीच, कटऑफच्या पुरवणीत पुढच्या वर्षी एक पान सेकंड इयरच्या पोरांसाठी ठेवा. ब्रँचनिहाय, कुठला विषय कशावर उभा आहे ते बाण काढून. सिव्हिलचं पान मी फुकटात काढून देतो, वहीतलं तयारच आहे.

आपला नियमित वाचक,
कराड, जि. सातारा

ता.क. : भाचीने पावणेबाराला फॉर्म भरला. तिला हवा होता तो केमिस्ट्रीवाला मायनर यादीत होता, सगळ्यात खाली. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज, मुदत दोन दिवसांनी वाढवली, कारण निम्म्या वर्गाने भरलाच नव्हता.