मोहीम संपते, घाणेरी पुन्हा उगवते

संपादक महोदय,

टेकड्यांवरच्या ‘तण हटाव’ मोहिमांच्या बातम्या आपल्या अंकात नेहमी येतात. रविवारची सकाळ त्यासाठी देणाऱ्या तरुणांचं मला मनापासून कौतुक आहे. मी महाविद्यालयाच्या वनस्पतिसंग्रहात नमुने दाबून, चिकटवून ठेवण्याचं काम करतो. मोहीम झाली की काही जण पिशवी घेऊन येतात, ‘हे कुठलं तण?’ विचारतात. पिशवीत घाणेरी, म्हणजे बाहेरून आलेली टणटणी, असतेच, पण तिच्याबरोबर उपटलेली धायटी निघते, कधी भारंगी निघते. तेव्हा फार वाईट वाटतं. ही झुडपं इथलीच आहेत आणि आधीच कमी होत चालली आहेत.

घाणेरी ओळखणं अवघड नाही. चौकोनी, काटेरी खोड, खरखरीत पान आणि चुरगळल्यावर येणारा उग्र वास. रानमोडी हे असंच दुसरं परकं तण, तिच्या पानात बुडाशी तीन ठळक शिरा त्रिशूळासारख्या फुटतात. खरी गफलत होते ती पावसाळा सरताना. उतारावर केशरी-पिवळा कॉसमॉस फुलतो आणि ‘सोनकी बहरली’ म्हणून त्याचे फोटो फिरू लागतात. सोनकी सह्याद्रीची, कॉसमॉस मेक्सिकोकडचा. सोनकीचं पान सलग, दातेरी कडेचं. कॉसमॉसचं बारीक कातरलेलं. त्याचं बी सुईसारखं लांब असतं आणि कपड्यांना चिकटून पुढच्या टेकडीवर जातं. काही हौशी मंडळी तर ते गोळा करून मुद्दाम उधळतात. कृपया हे करू नका.

बाहेरून आलेलं प्रत्येक झाड शत्रू नव्हे. देवचाफाही अमेरिका खंडातलाच, पण तो डोंगर व्यापत नाही. स्थानिक झाडांची जागा गिळत जे पसरतं, त्याची काळजी करायची.

आता काढण्याबद्दल. घाणेरी कोयत्यानं वरून छाटली की बुंध्यातून आणखी जोमानं फुटते. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधी रीत बसवली आहे. मुख्य मूळ कुदळीनं जमिनीच्या थोडं खाली, तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे मुळं पुन्हा माती धरत नाहीत. त्यानंतरचं काम चिकाटीचं आहे. बुलबुल, साळुंक्या घाणेरीची फळं खातात आणि ज्या झाडांवर बसतात त्यांच्याखाली बी पडतं. तिथली रोपं पुढची काही वर्षं उपटत राहावी लागतात. मोहिमा नेमक्या इथेच सुटतात.

गाजरगवताचं गणित वेगळं. १९५५ च्या सुमारास पुण्यात ठळकपणे नजरेस आलेलं हे तण आज देशभर आहे. एकेका झाडाला हजारो बिया येतात, त्यामुळे ते फुलण्याआधीच उपटायला हवं, तेही हातमोजे घालून, कारण त्यानं अंगाला खाज सुटते आणि काहींना दमाही होतो. फुलोऱ्यातलं गवत टेकडीवरून ओढत खाली आणणं म्हणजे वाटभर पेरणी करणं.

सगळा उतार एकदम मोकळा करण्याचा मोहही आवरावा. उघड्या जमिनीवर रानमोडी, गाजरगवत लगेच शिरतं आणि घाणेरीच्या आडोशानं राहणाऱ्या पाखरांना जागा उरत नाही. थोडा तुकडा साफ करावा, तिथं मारवेल, पवन्या, कुसळी ही इथली गवतं धरू द्यावीत, मग पुढचा तुकडा घ्यावा.

जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावच्या जीवसृष्टीची नोंद, करायला हवी. कोणत्या उतारावर कोणतं तण कधी दिसलं, हेही त्या वहीत लिहावं. नवं तण चार रोपांचं असतं तेव्हाच ते हातानं संपवता येतं. ते दिसलं हे कुणाला तरी सांगण्याची सोय हवी.

आपल्याला दोन विनंत्या. जूनमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये या तणांची पानं, फुलं आणि रोपं ओळखता येतील अशी स्पष्ट चित्रं छापावीत. आणि मोहिमेची बातमी दिलीत, तर पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच जागी बातमीदार पाठवून तिथं काय उगवलं आहे तेही वाचकांना सांगावं.

आपला,
वनस्पतिसंग्रहात काम करणारा एक वाचक